उष्णतापंप आणि मांडवीचे घर : एका संहितेचे परीक्षण

भारत सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली 'इको निवास संहिता' ह्या नावाने निवासी इमारतींसाठी नियमावली प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या भागाचा विचार येथे एका मर्यादित दृष्टीने करावयाचा आहे. संहितेत पुढे भर पडली, सुधारणाही झाल्या. परंतु भिंती, खिडक्या व छप्पर यांविषयीची तिची मूळ भूमिका ह्या भागातच व्यक्त झाली आहे. ती भूमिका रत्नागिरीच्या मांडवीसारख्या समुद्रकाठच्या वस्तीस कितपत लागू पडते, आणि तेथील जुन्या व नव्या घरांत उष्णतापंप बसविताना तिचा आधार कितपत घेता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विहिरीवरील पंप पाणी उत्पन्न करीत नाही, खालचे पाणी वर आणतो. त्याचप्रमाणे उष्णतापंप उष्णता उत्पन्न न करता एका जागेची उष्णता दुसऱ्या जागी नेतो. खोली गार करणारे वातानुकूलन यंत्र हा ह्याच जातीचा पंप आहे. ह्या यंत्राच्या इतिहासाचे दोन प्रवाह आहेत व ते वेगळे ओळखणे अगत्याचे आहे. पहिला प्रवाह थंड देशांचा. विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञ, याने १८५२ साली ह्या तत्त्वाने इमारती उबदार करण्याची कल्पना मांडली. १९३८ साली झुरिकच्या नगरभवनात लिमाट नदीच्या पाण्यातील उष्णता उपसून दालने उबदार करण्यात आली. दुसरा प्रवाह १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात सुरू झाला. तेथे विलिस कॅरिअरपुढे प्रश्न होता तो प्रामुख्याने दमटपणाचा. ओलसर हवेने कागद फुगे आणि रंगांची छपाई सरके. पहिल्या प्रवाहाचा विषय उष्णता, दुसऱ्याचा ओलावा. मांडवीचा प्रश्न दुसऱ्या प्रवाहातील आहे. संहितेची भाषा मात्र मुख्यतः पहिल्यातील आहे, हे माझे प्रतिपाद्य आहे.

रत्नागिरीत कडाक्याची थंडी नाही, आणि उन्हाळ्यातही पारा देशावरच्यासारखा चढत नाही. परंतु पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि जुलैतील हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असतो. जुने कोकणी घर ह्याच परिस्थितीतून घडले. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान म्हणून जतन केलेले रत्नागिरीचे घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना उतरते कौलारू छप्पर डोळ्यांपुढे आणता येईल. जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, वर माळा, आणि कौलांच्या फटींतून सतत वाहती हवा, अशी ही रचना उष्णतेला अडविण्यापेक्षा तिला वाट करून देते.

आता संहितेकडे वळू. छप्पर सोडून उरलेल्या आवरणातून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा अधिक नसावी, आणि छपराचा उष्णता-पारगमनांक १.२ पेक्षा अधिक नसावा, हे तिचे दोन प्रमुख दंडक होत. उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या निदान १६.६६ टक्के असावे, असेही ती सांगते. हे प्रमाण सर्व हवामानांत सर्वाधिक आहे. वाऱ्याचे महत्त्व संहितेने जाणले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु ओलाव्यासाठी तिच्यात स्वतंत्र माप नाही. शिवाय पारगमनांकाची कल्पना अखंड, बंद छपराची आहे. ह्या मापाने पातळ कौलांचे छप्पर नापास ठरेल, आणि ज्या फटींमुळे ते राहण्यायोग्य होते त्या फटी हिशेबात येणारच नाहीत.

संहिता नव्या व मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आहे, तेव्हा जुन्या घरांच्या संदर्भात तिला दोष देणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे संभवतो. तो काही अंशी खरा आहे. तथापि दंडक जेथे लागू नसतात तेथेही आदर्श म्हणून वावरतात. जुन्या घरात वातानुकूलन यंत्र बसविताना 'आधी खोली बंद करा' हा सल्ला ह्याच विचारातून येतो. खालून आच्छादन ठोकून छप्पर झाकले की वासे व रिपा यांना वारा लागत नाही. आणि फटी राहिल्या तर बाहेरची ओल अखंड आत येते. हवेतील एक लिटर पाणी द्रवरूप करण्यास सुमारे ०.६८ किलोवॉट-तास उष्णता काढून घ्यावी लागते. यंत्राची बरीच शक्ती अशा रीतीने समुद्राची हवा पिळण्यातच खर्ची पडते. २०२० पासून खोलीच्या वातानुकूलन यंत्रांना २४ अंश हे मूळ तापमान ठरवून दिलेले आहे. वीजबचतीच्या दृष्टीने ते योग्यच. पण मांडवीच्या जुलैत ते दवबिंदूच्याही खाली जाते, आणि गार झालेल्या भिंतीच्या बाहेरील अंगास ओल धरू लागते. खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या पात्या झिजतात, ते वेगळेच.

नव्या घराची गोष्ट निराळी. काँक्रीटची स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता खाली सोडते. येथे संहितेचा छपराविषयीचा दंडक अत्यंत उपयुक्त आहे. गळतीच्या भयाने गच्चीवर घातलेली पत्र्याची शेडही स्लॅबवर सावली धरते, आणि मधून वारा खेळला तर यंत्रावरचा भार कमी करते. नव्या घरात आधी छप्पर आणि मग यंत्र, हा क्रम निर्विवाद मानावा.

जुन्या घरास उष्णतापंपाचा उपयोगच नाही, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. त्याची जागा माजघरात नसून न्हाणीत आहे. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास साध्या गीझरला सुमारे २.९ युनिट वीज लागते. एका युनिटात तीन युनिटांची उष्णता वाहणाऱ्या पंपास सुमारे एक युनिट पुरते. येथील हवा बारा महिने उबदार असल्याने त्याला उष्णतेची वाण पडत नाही. शिवाय ज्या हवेतून तो उष्णता घेतो ती गार व कोरडी होऊन बाहेर पडते. ती कोठीच्या खोलीत सोडली तर बंबाची जागा घेणारे यंत्र पावसाळ्यात धान्य व कपड्यांची ओलही थोडीबहुत आवरील. आणि त्यासाठी छपराचे एक कौलही हलवावे लागणार नाही.

संहितेचे मोल ह्या परीक्षणाने कमी होत नाही. तिची कक्षा तेवढी स्पष्ट होते. उष्णतेचे माप तिने दिले, ओलाव्याचे माप द्यावयाचे राहिले. ते मिळेपर्यंत किनाऱ्यावरील जुन्या घराच्या मालकाने एखाद्या आकड्यासाठी आपले छप्पर बंद करू नये. वासे एकदा कुजले की ते पुन्हा उभे करणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले नाही.