वेमिकचा किल्ला

डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी १८६०-६१ सालीं त्याच्या स्वतःच्या साप्ताहिकांत क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यांतील वेमिक हा वकिलाचा कारकून कोणाला आवडत नाहीं? पोटाचा उद्योग आणि घर यांच्यामध्यें सीमा कशी आंखावी याचा तो आदर्शच, असें म्हणण्याचा मोह होतो. कचेरी दूरध्वनीच्या रूपानें खिशांतून घरीं येऊं लागल्यापासून तर फारच. पण हा आदर्श थोडा पारखून घेतला पाहिजे.

लंडनच्या कचेरींत वेमिकचें तोंड टपालपेटीच्या फटीसारखें असतें. सायंकाळीं तो वॉलवर्थच्या वाटेला लागला म्हणजे तो ताठरपणा हळूहळू सैल पडतो. तेथें त्याचें चिमुकलें लांकडी घर आहे. त्याला त्यानें किल्ल्याचें रूप दिलें आहे. भोंवतीं चार फुटांचा खंदक, त्यावर उचलून घेण्याची फळी आणि रात्रीं नऊ वाजतां तोफ! या तोफेचा आवाज तेवढा त्याच्या बहिऱ्या म्हाताऱ्या बापाला ऐकूं येतो, आणि म्हातारा आनंदानें मोहरून जातो. एवढ्या एका तपशिलासाठीं डिकन्सच्या शंभर अतिशयोक्ती मी क्षम्य मानीन.

पिपला आपल्या मित्रास पैशाचें साह्य करावयाचें आहे. कचेरींत सल्ला विचारतांच वेमिक थेम्सवरचे पूल मोजून दाखवतो व त्यांपैकीं एकावरून पैसे नदींत टाकावे असें सुचवतो. तोच प्रश्न वॉलवर्थला विचारला, तर तो मनापासून मदतीस लागतो.

वाचक येथें टाळी देतो. माझी शंका येथेंच सुरू होते. खंदकामुळें घरची माया कचेरींत जात नाहीं हें खरें. पण कचेरी मात्र खुशाल घरांत येते. पाहुण्याला वेमिक आपला संग्रह दाखवतो, त्यांत खोटे दस्तऐवज करणाऱ्याची लेखणी, वस्तरे, केंसांच्या बटा, शिक्षा झालेल्यांचे कबुलीजबाब आहेत. न्यूगेटच्या तुरुंगांत, सोमवारीं फांशी जाणाऱ्या कैद्याचा निरोप घेतांना, तो त्याच्याकडे कबुतरांची जोडी मागतो! घरीं तो इतका प्रेमळ आहे म्हणूनच हें त्याला निर्धास्तपणें करतां येतें, असें मला वाटतें. विश्रांतीसाठीं घातलेलें कुंपण निराळें आणि सदसद्विवेक दाराबाहेर टांगण्याची खुंटी निराळी.

त्याचा धनी जॅगर्स सुगंधी साबणानें हात धुतो, पण जेवणाच्या मेजावरही उलटतपासणी सोडीत नाहीं. त्याला घर असें नाहींच.

पुढें एकदां पिप जॅगर्ससमोर वेमिकच्या घराचा व वृद्ध पित्याचा उल्लेख करून बसतो. धनी चकित होतो, हंसतो, उसासाही टाकतो. पण लगेच दोघेही एकमेकांकडे संशयानें पाहूं लागतात, जणूं कोणाचें तरी गुपित फुटलें आहे. इतक्यांत माइक नांवाचा एक अशील येतो. त्याच्या थोरल्या मुलीला दुकानांतील चोरीच्या संशयावरून पकडलें आहे, आणि त्याचे डोळे पाणावले आहेत. कचेरींत भावना आणल्याबद्दल दोघेही त्याच्यावर तुटून पडतात, त्याला हांकलून देतात, आणि मग पूर्ववत् समाधानानें कामाला लागतात.