बेणारेबाईंचा खटला आणि मनाचे बचाव

रंगभूमीवर १९६७ साली आलेले विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आम्ही मनाच्या बचावांचे नाटक म्हणूनही वाचतो. सुखात्मे वकिलीत, पोंक्षे परीक्षेत अपयशी, काशीकर दांपत्य निपुत्रिक. प्रत्येकजण आपली बोच बेणारेबाईंवर लादतो. यालाच प्रक्षेपण म्हणतात. अ‍ॅना फ्रॉइडने १९३६ च्या ग्रंथात अशा बचावांची मांडणी केली. व्यक्तिमत्त्व विकारात हे बचाव स्वभावात मुरतात. ते सैल व्हायला उपचाराची, विश्वासाची वर्षे लागतात. कोर्ट मात्र काही तासांत निकाल देते. कन्नडच्या मोहल्ल्यांतही आम्ही ‘विक्षिप्त’ माणसाचा निकाल असाच लावतो. नाटकाअखेर सामंत बाईंजवळ कापडी पोपट ठेवून निघून जातो. निवाडा न करता शेजारी थांबणारा तिथे कोणीच नाही.