इमो वेषाची जुळवणी

डिक् हेब्डिज् या इंग्रज लेखकानें १९७९ सालीं ‘सबकल्चर: द मीनिंग ऑफ स्टाइल’ हें लहानसें पुस्तक लिहून तरुणांच्या विक्षिप्त वेषाला टीकेच्या दरबारांत स्थान मिळवून दिलें. पंक तरुणांनीं अंगावर मिरविलेली सेफ्टी पिन हा केवळ वात्रटपणा नव्हे, तें एक विधान आहे, असें त्याचें म्हणणें. घरांतील क्षुद्र वस्तु तिच्या ठरलेल्या कामावरून उचलून भलत्याच ठिकाणीं बसविली, म्हणजे तिला नवा अर्थ येतो. ही कल्पना त्यानें लेव्ही-स्ट्रॉस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाकडून घेतली. वाचकांस येथें आपली गोधडी आठवेल. पण साम्य वरवरचें आहे. गोधडींत गेलेल्या धडुत्यानें ऊब दिली कीं त्याचें काम झालें. या वेषांत मात्र प्रत्येक वस्तूचा पूर्वाश्रम पाहणाराला आठवला पाहिजे, नाहीं तर सारी मौजच जाते.

हेब्डिजची कसोटी इमो वेषाला लावून पाहावी असें फार दिवस मनांत होतें. इमो हें मूळ एका संगीतप्रकाराचें नांव. १९८५ च्या सुमारास वॉशिंग्टन शहरांतील कांहीं पंक वाद्यवृंद स्वतःच्या अंतरींचें दुःख गाऊं लागले, आणि ‘भावनाप्रधान’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें हें काहींसें कुत्सित लघुरूप त्यांना चिकटलें. आज ओळखला जाणारा वेष बराच मागाहून, २००० नंतरच्या दशकांत, रूढ झाला. त्याची जुळवणी सोपी नव्हती. मुलांच्या विभागांत घट्ट विजार मिळेना, म्हणून ती मुलींच्या विभागांतून आणावयाची. धर्मादाय दुकानांतले जुन्या कपड्यांचे ढीग उपसून लहान मापाचा सदरा शोधावयाचा. पट्ट्यापट्ट्यांच्या लांब मोज्यांचीं टोकें कापून ते हातांत चढवावयाचे. वाद्यवृंदाच्या नांवाचें ठिगळ दांत कोरण्याच्या दोऱ्यानें शिवावयाचें, कारण तो सहसा तुटत नाहीं. कॉन्व्हर्सचे बूट मूळ बास्केटबॉलच्या खेळाडूंसाठीं. ते मैदानाशीं वैर असलेल्या पोरांच्या पायांत आले. सर्वांवर काळा रंग, जो आपण संक्रांतीपुरता क्षम्य मानतों.

हेब्डिजच्या मतें अशीं चिन्हें बाजारांत आलीं कीं गोठतात, आणि मूळचे अनुयायी व मागाहून आलेले यांत तो स्पष्ट भेद करतो. हॉट टॉपिक या अमेरिकन दुकानावर हाच आरोप होतो. १९८९ त कॅलिफोर्नियांत त्याचें पहिलें दुकान निघालें. पुढें त्याच्या शाखा गांवोगांवच्या मॉलांत पसरल्या आणि वेष तयार मिळूं लागला. आरोपांत तथ्य आहे. तयार संचांत शोधण्याचे श्रम नाहींत, म्हणून त्यांत निवडही थोडी. परंतु ज्या गांवीं जलसे होत नाहींत तेथील एकट्या पोरास दुसरें दार कोणतें होतें, याचा विचार टीकाकार करीत नाहींत. शिवाय मूळ आणि नक्कल हा भेद टिकतो कोठें? माय केमिकल रोमान्स या वृंदाचा ‘द ब्लॅक परेड’ हा संग्रह २००६ त निघाला. त्यासाठीं त्यांनीं घातलेला बँडवाल्यांचा काळा गणवेष कॉलीन ॲटवुड या ऑस्करविजेत्या वेषरचनाकर्त्रीनें तयार केला होता. आणि चाहत्यांनीं जुन्या कोटांवर पांढऱ्या फिती शिवून तो घरीं नव्यानें बनविला. येथें धंदा आधीं, हातची जुळवणी मागून!

मला हेब्डिजचा हा भेद अपुरा वाटतो, त्याचें खरें कारण मात्र निराळें आहे. मार्च २००८ त मेक्सिकोंतील केरेतारो शहरांत जमाव गोळा झाला आणि त्यानें इमो मुलांना चौकांत गांठून मारलें. २०१२ च्या आरंभीं इराकच्या गृहखात्यानें या वेषाची सैतानी म्हणून निंदा केली. त्याच सुमारास बगदादमध्यें असे तरुण ठार मारले गेले. मारणारांनीं कोणाची विजार ढिगांतून शोधलेली व कोणाची दुकानांतली, याची चौकशी केली नाहीं. केरेतारोच्या प्रकारानंतर कांहीं दिवसांतच मेक्सिको शहरांत इमो मुलांनीं मोर्चा काढला, तो त्याच वेषांत.