डेटाबेसचा मेटाडेटा आणि इष्टतमीकरणाची प्रतिमाने : उजनीच्या साठ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

गणिती इष्टतमीकरणाचे प्रतिमान डेटाबेसच्या मेटाडेटावरून उभारता यावे, ही कल्पना जुनी आहे. आर्थर जिऑफ्रियन यांचे १९८७ मधील संरचित प्रतिमानविषयक लेखन आणि रॉबर्ट फोरर यांचा १९९७ मधील लेख यांनी तिला शास्त्रीय बैठक दिली. तक्त्याची प्राथमिक किल्ली हा प्रतिमानाचा निर्देशांक-संच होतो. कोणता कालवा कोणत्या तालुक्यास जोडलेला आहे, हे परकीय किल्ली सांगते. आकडे पुन्हा हाताने भरताना होणाऱ्या चुका त्यामुळे टळतात. हा लाभ निर्विवाद आहे.

तथापि निर्बंधांच्या बाबतीत ही पद्धत अडखळते. उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यांपैकी सुमारे ६३.७ टीएमसी मृत साठा आहे. साठ्याची टक्केवारी मात्र उरलेल्या ५३.६ टीएमसी उपयुक्त साठ्यावर काढली जाते. म्हणूनच २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० च्याही खाली गेली. उणे ५० टक्के म्हणजे धरण कोरडे नव्हे. त्या वेळी धरणात सुमारे ३७ टीएमसी पाणी असते. सोलापूरकरांस हे वेगळे सांगावे लागत नाही. संगणकास सांगावे लागते. ‘साठा टक्के, संख्या’ एवढाच मेटाडेटा असेल, तर हा पाया कोठेही नोंदलेला नसतो. शिवाय एलपी व एमपीएस या प्रचलित फाइल-स्वरूपांत चलाची खालची मर्यादा न दिल्यास ती शून्य धरली जाते. साठा आधीच उणे असेल, तर प्रतिमानास उत्तरच सापडणार नाही. चूक निदान उघडी पडेल. खरा धोका फेब्रुवारीत, साठा दहा टक्के असताना आहे. तेव्हा प्रतिमान शून्यालाच तळ समजून पाणी अडवून धरील आणि तेच उत्तर इष्टतम म्हणून पुढे ठेवील.

या घोटाळ्याचे मूळ परिभाषेत आहे. डेटाबेसमधील निर्बंध नोंदीची शुद्धता तपासतो. प्रतिमानातील निर्बंध कोणते निर्णय ग्राह्य आहेत ते ठरवतो. दोहोंस एकच शब्द असल्याने एकाचे दुसऱ्यात यांत्रिक रूपांतर करण्याचा मोह होतो. मृत साठ्यातून किती पाणी घ्यावयाचे आणि ते केवळ पिण्यासाठी की उसासाठीही, हा धोरणाचा प्रश्न आहे. तो स्तंभाच्या नावातून उलगडत नाही.

यास्तव साठा टक्केवारीऐवजी टीएमसीमध्ये नोंदवावा आणि किमान साठ्याचा स्वतंत्र तक्ता ठेवावा. त्यात हंगाम, प्रयोजन, मर्यादा, लागू होण्याची तारीख व निर्णय घेणारे प्राधिकरण हे स्तंभ असावेत. कालवा सल्लागार समिती आवर्तनांचा विचार हंगामागणिक करते; या तक्त्यातील ओळीही त्याच क्रमाने बदलाव्या लागतील.