उसनं दुःख

आज आपण 'अंकल टुपेलो' या अमेरिकन बँडचा तिसरा अल्बम घेऊ. नाव 'मार्च १६–२०, १९९२'. नाव कसलं, ध्वनिमुद्रणाच्या तारखाच त्या! जॉर्जियातल्या अथेन्स गावी, आर.ई.एम.च्या पीटर बकने निर्मितीची बाजू सांभाळली आणि पाच दिवसांत काम झालं. आधीचा इलेक्ट्रिक गिटारचा गोंगाट इथे जवळजवळ नाही. जुनी लोकगीतं आणि स्वतःची गाणी शेजारी शेजारी बसवली आहेत.

त्यातलं 'कोलमायनर्स' मूळ केंटकीच्या सारा ओगन गनिंग यांचं. बाई खाणकामगाराची मुलगी, खाणकामगाराची बायको. गाणारा जे फरार मात्र इलिनॉयचा, पंचविशीतला रॉक गायक. मग प्रश्न येतो: दुसऱ्याचं दुःख उसनं घेऊन गाणं प्रामाणिक असतं का?

आम्हाला वाटतं, असू शकतं. फरार रडत नाही, साराबाईंची नक्कल करत नाही. पीडिताचा आव न आणता तो साक्ष देतो. उणीव एकच: लोकगीतांत दुःखाबरोबर थट्टाही असते, ती इथे फारशी नाही.

आणि उसनं घेतलेलं फेडावं लागतं. हा अल्बम ऐकून आपण साराबाईंच्या मूळ आवाजाकडे वळलो, तर ती फेड झाली म्हणायची.