निर्धोक उंचीवरून

घराघरांत पणत्या लागलेल्या असताना बाँब टाकणाऱ्या विमानाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण 'आय इन द स्काय' हा 2015 सालचा इंग्रजी चित्रपट सुरू होतो तो एका घरगुती दृश्यानेच. आई पाव भाजते आहे, आणि सायकली दुरुस्त करणारा बाप मुलीला खेळायला एक मोठे कडे करून देतो आहे. पुढे त्या मुलीचे काय होणार ही धास्ती शेवटपर्यंत सोडत नाही. दिग्दर्शक गॅव्हिन हूड यांचे हे यश निर्विवाद आहे.

नैरोबीतल्या एका घरात आत्मघातकी स्फोटाची तयारी चालली आहे. वर 'रीपर' हे वैमानिकाविना उडणारे विमान घिरट्या घालते आहे. ते चालवणारा तरुण नेवाडात, कर्नल इंग्लंडात, आणि परवानगी देणारे मंत्री निर्णय एकमेकांवर ढकलण्यात गुंतलेले. त्या घराच्या भिंतीलगत मुलगी पाव विकायला बसते. तिच्या जिवाच्या धोक्याचा अंदाज हेलन मिरेनची कर्नल हाताखालच्या माणसाकडून 45 टक्क्यांवर आणवून घेते, तो प्रसंग मी विसरणार नाही. माणसे तीच, भिंत तीच. फक्त आकडा खाली येतो.

येथवर माझे भांडण नाही. भांडण आहे ते न विचारलेल्या प्रश्नाबद्दल. असल्या विमानांचे समर्थन एकच: वैमानिकाचा जीव धोक्यात पडू नये. 1960 साली सोव्हिएत हद्दीत अमेरिकेचे यू-टू पाडले गेले, वैमानिक पॉवर्स जिवंत हाती लागला, आणि माणसाविना टेहळणीच्या प्रयत्नांना जोर आला. 2002 साली प्रथम उडालेले बोइंगचे एक्स-45 तर शत्रूच्या रडारांवर आणि क्षेपणास्त्रांवर चाल करून जाण्यासाठीच योजलेले. खरोखर जिवावरचे काम! ती योजना 2006 साली गुंडाळली गेली. फोफावले ते दुसरेच. टेहळणीच्या 'प्रेडेटर'वर 2001 साली क्षेपणास्त्र चढवले गेले. रीपर हा त्याचाच थोरला भाऊ. ही मंदगती विमाने सुखाने फिरतात ती खाली त्यांना पाडणारे काही नसेल तिथेच. येमेनमध्ये क्षेपणास्त्रे होती, तिथे रीपर पडलीही. चित्रपटात जीव मुठीत धरून वावरतो तो एकटा स्थानिक हेर, बरखद अब्दीचा जामा फराह. हूड यांना हे दिसले आहे, पण त्यावर ते थांबत नाहीत.

दुसरी तक्रार अधिक गंभीर. येथे सगळ्यांना सगळे दिसते. भुंग्याएवढा कॅमेरा घरात शिरून स्फोटकांची जाकिटेच दाखवतो. मग उरतो तो फक्त पापपुण्याचा सवाल. काबूलमध्ये 29 ऑगस्ट 2021 रोजी एका मोटारीवर कित्येक तास नजर ठेवून रीपरने क्षेपणास्त्र सोडले. दहा निरपराध माणसे मेली, त्यांत सात मुले. चूक झाल्याची कबुली अमेरिकी लष्कराने 17 सप्टेंबरला दिली. डोळे तेथेही उघडेच होते. चित्रपटाने आपल्या पात्रांना हा अंधार दिला असता, तर कर्नलचा तो आकडा किती भयंकर वाटला असता!

शेवटाजवळचे एक दृश्य मात्र सगळ्या तक्रारींना पुरून उरते. जखमी मुलीला दवाखान्यात न्यायचे म्हणून वस्तीतले बंदूकधारी अतिरेकी आपल्या गाडीवरची मशीनगन उतरवून ठेवतात आणि तिला जागा करतात. तिकडे लंडनमध्ये ॲलन रिकमनचा जनरल बाहुली उचलतो आणि घरी निघतो.