पुस्तकातले सात दिवस, पाकिटातले सात दिवस

नाचणगावच्या एका शिक्षिकाबाईंनी आम्हाला एक प्रश्न विचारला, त्यातून हा लेख निघाला. बाईंकडे बारावीची एक मुलगी जीवशास्त्र शिकायला येते. मुलगी हुशार. 'नीट'च्या तयारीसाठी एनसीईआरटीचे पुस्तक तिने तोंडपाठ केलेले. तिच्या वहिनीला आशाताईंनी 'माला-एन' गोळ्यांचे पाकीट आणून दिले होते. पाकीट संपत आले तेव्हा वहिनीने विचारले, "तू तर जीवशास्त्र शिकतेस, आता पुढे काय करायचे?" मुलीने पुस्तक काढले. त्यात लिहिले होते त्याचा अर्थ असा : २१ दिवस रोज गोळी, मग ७ दिवस खंड, पुन्हा तोच क्रम. मुलगी म्हणाली, "आता सात दिवस थांबा, मग नवे पाकीट सुरू करा." वहिनी थांबली.

बाईंचा प्रश्न असा : "मुलीने पुस्तकातलेच उत्तर दिले. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील. तरी मला ते चुकीचे का वाटते आहे?"

ते चुकीचेच आहे, आणि चूक मुलीची नाही. पुस्तकातली गोळी २१ गोळ्यांच्या पाकिटातली आहे. गावात येणाऱ्या सरकारी पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ संप्रेरकांच्या आणि उरलेल्या ७ निव्वळ लोहाच्या. म्हणजे पुस्तक ज्याला 'खंड' म्हणते तो खंड पाकिटातच आहे, फक्त तो रिकामा न ठेवता लोहाच्या गोळ्यांनी भरला आहे. २८ गोळ्या संपवून वर आणखी सात दिवस थांबले की संप्रेरकाविना १४ दिवस जातात. चौदा दिवसांत काय होऊ शकते, हे त्याच पुस्तकाच्या आधीच्या प्रकरणात आर्तवचक्राच्या आकृतीत दाखवलेले आहे.

आम्ही ते प्रकरण पुन्हा काढून वाचले. एक गोष्ट आधीच कबूल करतो : 'प्रजनन स्वास्थ्य' नावाचे प्रकरण बारावीच्या पुस्तकात आहे, साधनांची नावे न लाजता दिली आहेत, हेच मोठे काम आहे. अनेक वर्गांत हे प्रकरण "घरी वाचून या" या तीन शब्दांत संपते, त्यात पुस्तकाचा दोष नाही. पण जो मजकूर मुले घरीच वाचणार आहेत तो तरी एकट्याने वाचून न फसवणारा असावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

गोळीविषयी पुस्तक काय सांगते? ती बीजमोचन आणि गर्भाचे रोपण रोखते, गर्भाशयमुखाचा स्राव बदलते. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करावी. परिणामकारक आहे, दुष्परिणाम कमी आहेत, स्त्रियांनी तिचा चांगला स्वीकार केला आहे. परीक्षेच्या दृष्टीने सारे आले. पण गोळी विसरली तर काय, याविषयी एक अक्षर नाही. ती कोणी घेऊ नये, याविषयीही नाही. रोज घ्यायच्या औषधाबद्दल लिहिताना पहिला प्रश्न विसरण्याचाच असतो; आमच्यापैकी कोणी पाच दिवसांचे प्रतिजैविकही न चुकता पुरे केले असेल, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

गोळी कशी काम करते ते नीट सांगितले असते तर विसरण्याचा नियम मुलांना स्वतःच काढता आला असता. माला-एनच्या प्रत्येक संप्रेरक-गोळीत ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल आणि १५० मायक्रोग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते. पहिले इस्ट्रोजनच्या जातीचे, दुसरे प्रोजेस्टेरॉनच्या. रक्तात ही दोन्ही रोज येत राहिली की मेंदूतील अधश्चेतक आणि त्याखालची पीयूषिका ग्रंथी यांना वाटते की बीजकोशाचे काम चालू आहे, आणखी चेतवण्याची गरज नाही. एफएसएच कमी सुटते, म्हणून पुटिका वाढत नाही. एलएचची ती प्रसिद्ध उसळी येत नाही, म्हणून बीज सुटत नाही. हेच गोळीचे मुख्य काम. गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होतो, ही दुसरी तटबंदी. रोपण रोखण्याचा मुद्दा मात्र पुस्तकाने बीजमोचनाच्या बरोबरीने मांडायला नको होता. त्याला प्रत्यक्ष पुरावा फारसा नाही, आणि त्या एका शब्दामुळे "ही गर्भ पाडायची गोळी" हा गावोगावी असलेला समज पक्का होतो.

आता संप्रेरक बंद झाले की पीयूषिका जागी होऊ लागते आणि बीजकोशात पुटिका वाढू लागतात. सात दिवसांत त्या बीज सोडण्याइतक्या मोठ्या सहसा होत नाहीत. तेवढ्यात नवे पाकीट सुरू होऊन काम पुन्हा थांबते. बीजकोश पुरता शांत करायला सलग सात गोळ्या लागतात. हे एवढे कळले की पुढचे सगळे त्यातून येते. सर्वांत धोक्याची विसरलेली गोळी कोणती? पाकिटाच्या मधली नव्हे, तर पहिल्या आठवड्यातली किंवा तिसऱ्या आठवड्याच्या शेवटची, कारण तिथे चूक झाली की सात दिवसांचा खंड आठ, नऊ, दहा दिवसांचा होतो. नवे पाकीट दोन दिवस उशिरा सुरू करणे म्हणजे दोन गोळ्या विसरणेच. बाईमाणूस मात्र म्हणते, "मी एकही गोळी चुकवली नाही, फक्त पाकीट मिळायला उशीर झाला." आणि लोहाच्या गोळ्या विसरल्या तर गर्भधारणेच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही, विसरलेल्या टाकून द्याव्यात आणि नवे पाकीट ठरल्या दिवशी सुरू करावे.

एक गोळी विसरली तर आठवताच घ्यावी, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. लागोपाठ दोन किंवा अधिक विसरल्या तर एक लगेच घ्यावी, बाकीच्या राहिलेल्या सोडून द्याव्यात, रोजचा क्रम पुढे चालू ठेवावा, आणि सलग सात गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरावा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली तर त्या पट्टीतल्या उरलेल्या संप्रेरक-गोळ्या संपताच लोहाच्या गोळ्या गाळून थेट नवे पाकीट सुरू करावे. पहिल्या आठवड्यात झाली असेल आणि आधीच्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीबद्दल आरोग्य केंद्रात लगेच विचारावे. मार्गदर्शिकांत इथे थोडा फरक आहे. अमेरिकेच्या सीडीसीचा नियम दोन गोळ्यांपासून सावध करतो, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने निघालेली कुटुंबनियोजनाची हस्तपुस्तिका तीनपासून. शिकवताना कडक नियम शिकवावा असे आमचे मत आहे. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी. हा सारा मजकूर पुस्तकाच्या अर्ध्या पानात मावतो.

'परिणामकारक' या शब्दाचेही असेच. गोळी अगदी न चुकता घेणाऱ्या १,००० स्त्रियांपैकी वर्षभरात सुमारे ३ जणींना दिवस जातात. घरसंसारात, प्रवासात, आजारपणात प्रत्यक्ष जशी घेतली जाते तशी घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ७ जणींना. गोळी तीच, फरक वीसपटीहून मोठा. विज्ञानाच्या पुस्तकाने एका विशेषणाऐवजी हे दोन आकडे दिले असते तर वर्गात चांगली चर्चा झाली असती. स्त्रियांनी गोळीचा चांगला स्वीकार केला आहे म्हणावे, तर २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोळी वापरणाऱ्या विवाहित स्त्रिया ५.१ टक्के आणि शस्त्रक्रिया झालेल्या ३७.९ टक्के होत्या. हे वाक्य कोणत्या आकड्यावर उभे आहे?

साप्ताहिक गोळीच्या बाबतीत तर पुस्तकाचा मजकूर सरळ अपुरा आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने शोधलेली 'सहेली' ही आपल्या देशाच्या संशोधनाची खरोखर अभिमानाची गोष्ट. ती १९९१ मध्ये बाजारात आली. आमच्या हातातल्या आवृत्तीत ती अजून 'नवी' आहे. पण खरी उणीव दुसरी. ती आठवड्यातून एकदा घ्यायची, एवढेच पुस्तक सांगते. प्रत्यक्षात पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा घ्यावी लागते, ठरलेल्या वारी, त्यानंतर एकदा. सरकारी कार्यक्रमात हीच गोळी 'छाया' या नावाने २०१७ पासून मिळू लागली. म्हणजे वहिनीची गोष्ट 'छाया'च्या बाबतीतही घडायला पूर्ण वाव आहे.

कोणी घेऊ नये, याची यादी डॉक्टर करतील असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण गोळी घरपोच येते. २०११ च्या योजनेने आशाताईंकडून मिळणाऱ्या पाकिटाला १ रुपया आकार ठेवला होता. रक्तदाब मोजायला कोणी बसलेले असेलच असे नाही. १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब, पस्तिशीनंतरचे धूम्रपान, डोळ्यांपुढे झगमग दिसून सुरू होणारी अर्धशिशी, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात झालेली रक्ताची गुठळी, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा चालू आजार, स्तनाचा कर्करोग : यांपैकी काही असेल तर इस्ट्रोजनयुक्त गोळी नको, दुसरे साधन निवडावे. अंगावर पाजणाऱ्या आईने सहा महिने थांबावे. आणि जे आपल्याकडे सर्वांत आधी सांगायला हवे ते : क्षयरोगाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन आणि फेफऱ्यावरची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन ही औषधे यकृतातील विकरांचे काम वाढवतात, त्यामुळे गोळीतली संप्रेरके लवकर मोडली जातात. स्त्री एकही गोळी चुकवत नाही, तरी संरक्षण उरत नाही. साध्या प्रतिजैविकांचा असा परिणाम होत नाही.

विदर्भात सिकलसेलचा प्रश्न आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या निकषांत सिकलसेल आजार असलेल्या स्त्रीला ही गोळी सामान्यतः चालण्यासारखी मानली होती. अमेरिकेच्या सीडीसीने २०२४ मध्ये ती सर्वांत धोक्याच्या, म्हणजे वापरू नये अशा गटात टाकली. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी गोळी सुरू करण्याआधी हे डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

गुठळीची भीती किती बाळगावी, हेही आकड्यानेच सांगावे. गोळी न घेणाऱ्या व गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना गुठळी होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेलची संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहून अधिक असतो. एका पायाला सूज आणि दुखणे, छातीत कळ, अचानक दम लागणे, कधी न झालेली डोकेदुखी, दिसण्यात बिघाड, यांपैकी काही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सुरुवातीची मळमळ आणि अधूनमधून दिसणारे रक्ताचे डाग मात्र दोन-तीन महिन्यांत बहुधा जातात. पुष्कळ स्त्रिया नेमक्या याच कारणाने पाकीट अर्ध्यावर टाकतात, कारण हे त्यांना आधी कोणी सांगितलेले नसते.

जाता जाता एक. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या होत्या. संततिनियमनाच्या साधनांना गांधीजींनी मान्यता दिली नाही, संयमाचाच आग्रह धरला. पुढे याच सँगरबाईंनी ग्रेगरी पिंकस या संशोधकाला गोळीच्या कामाला लावले आणि १९६० मध्ये अमेरिकेत गोळीला परवानगी मिळाली. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ पासून संततिनियमनाचे केंद्र चालवले. ते गणिताचे प्राध्यापक होते आणि या कामापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. वर्धा जिल्ह्यातल्या वर्गात हे प्रकरण शिकवताना पुलगाव ते वर्धा एवढ्या अंतरात हा इतिहास हाताशी आहे.

बाईंना आम्ही कळवले की वहिनीला आरोग्य केंद्रात पाठवा, तिथे 'निश्चय' तपासणी करून घ्या. लोहाच्या गोळ्यांनंतरचे सात दिवस संपत आलेले होते. चाचणी नकारार्थी आली. तिथल्या नर्सबाईंनी त्याच दिवशी नवे पाकीट सुरू करायला, सात गोळ्या होईपर्यंत निरोध वापरायला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितले. ती दुसरी चाचणीही नकारार्थी आली.

बाईंनी नंतर वर्गात एक प्रयोग केला. वालाचे २१ पांढरे दाणे आणि ७ चिंचोके, सात-सातच्या चार ओळींत मांडले. हे एक पाकीट. त्याच्यापुढे तसेच दुसरे. मुलांना सांगितले, कुठलेही दोन पांढरे दाणे उचला, पण असे की सर्वांत जास्त घोटाळा होईल. बहुतेकांनी पहिल्या पाकिटाच्या मधले दोन उचलले. मग पांढऱ्या दाण्याविना सलग किती जागा जातात ते मोजायला लावले. मधले दोन उचलल्यावर सर्वांत लांब खंड सातचाच राहिला. चिंचोक्यांना लागून असलेले दोन उचलल्यावर नऊचा झाला. शेवटी दोन पाकिटांच्या मध्ये सात जागा मोकळ्या सोडून त्यांनी पुस्तकातले उत्तर मांडले, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "चौदा, मॅडम."